लखू ताऱ्याचा कौल

"लाव कळे," दाजी गावकर म्हणाले.

मी मान वर केली नाही. समोर तांब्याच्या ताटलीत तगरीच्या दोन कळ्या होत्या आणि शेजारी पाण्याची वाटी. गाभाऱ्यात समईचा उजेड होता. बाहेर मंडपात सगळं सावरखोल गाव मांडीला मांडी लावून बसलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. एरवी या वेळेला रवळनाथाच्या देवळात मी आणि घंटेमागची पाल, एवढीच वस्ती. त्या दिवशी खांबाखांबाला माणूस टेकलं होतं आणि कोणी खोकतही नव्हतं.

देवळाच्या पायरीखाली, पागोळ्या पडून खळगे पडलेल्या दगडावर, लखू तारी उभा होता. निकाल लागेपर्यंत त्याला पायरी चढायची मनाई होती. साठीचा, सुकलेला, पण दंड मात्र अजून वल्ह्यासारखे. नदीवरची होडी त्याच्या आज्यापासून त्यांच्या घरात होती. पूल तेव्हा नव्हता. माझी मुंज, माझ्या बहिणीचं वऱ्हाड, आमच्या आईला शेवटी नदीनं खाली तालुक्याच्या डॉक्टरकडे नेली ती फेरी, सगळं लखूच्याच होडीतून झालेलं.

"दाजीनु," तो खालूनच म्हणाला, "माका येक सांगूचा आसा."

"सांगलंस तितक्या पुरे. आता देव सांगतलो."

"काल नातीचो बारसो होतो. घराकडे येक माणूस इलो नाय. चेडवाक अजून नाव नाय. इतक्याच सांगूचा होता."

 पलतडची, म्हणजे नदीपलीकडच्या गावची, चार माणसं एका बाजूला वेगळी बसली होती. त्यांतला एक माझ्या बहिणीचा सासरा. तेरा दिवसांपूर्वी त्याचा मुलगा बुडाला होता.

कौल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर गुरवानं एकेक कळी पाण्यानं चिकटवायची. गावकरानं, म्हणजे गावच्या मानकऱ्यानं, देवाला प्रश्न घालायचा. मग सगळ्यांनी वाट पाहायची. उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. लग्न, विहीर, पेरणी, भावाभावांची भांडणं, सगळं आमच्याकडे त्या दोन कळ्यांवर चालायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, चाळीस वर्षं कळे लावले. त्या वर्षी श्रावणात त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सव्विसाव्या वर्षी ती ताटली माझ्या हातात आली.

आबांनी मला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती. "दोनय कळे येकाच वाटयेत, येकाच येळाक भिजवूचे. दोनय आंगठे सारखे दाबूचे. मगे बोल तुझ्यार नाय, देवार." त्यात न सांगितलेली दुसरी गोष्ट कुठल्याही गुरवाच्या पोराला आपोआप कळते. नीट भिजवून दाबलेली कळी अर्धा तास हलत नाही. नुसती पाण्याला लावून टेकवलेली दोन मिनिटांत पडते.

आणि दसऱ्याला मी नेमकं तेच केलं होतं.

आता ते का केलं, ते सांगायला हवं. आमचा रवळनाथ आणि पलतडची सातेरी हे भाऊ-बहीण. दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेली, वर चांदीचा मुखवटा असलेली उंच काठी, होडीतून नदी ओलांडून बहिणीच्या भेटीला जायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. ही रीत किती जुनी, कोणालाच माहीत नव्हतं. पण पहिला नारळ कोणाच्या हातचा यावरून दोन गावांत जुंपली आणि देवाचं जाणं बंद पडलं. देवाचं बंद झालं म्हणून माणसांचंही झालं. दरवर्षी दसऱ्याला देवाला विचारायचे, "जावचा काय?" आणि सहा वर्षं डावा कौल येत होता.

माझी बहीण द्वारकाक्का पलतडला दिलेली. लग्नाला जेमतेम वर्ष झालं आणि हे भांडण पेटलं. सहा वर्षं ती माहेरी आली नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही. धुणं धुवायला ती नदीवर यायची, मी अलीकडे गुरांना पाणी पाजायच्या निमित्तानं जायचो, आणि आम्ही पाण्यावरून आरडाओरडा करून एकमेकांची खुशाली विचारायचो. आबा आडवे झाल्याचं मी तिला असंच ओरडून सांगितलं. ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. तिथूनच ओरडली, "ह्या वर्सा तरी देवाक घेवन ये रे, भिकू! आबांका बघूक होया माका!"

दसऱ्याला मी डावी कळी पोटभर भिजवली आणि अंगठ्यानं दाबली. उजवी नुसती पाण्याला दाखवली.

आबांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. ते देवाकडे बघत नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. उजवी कळी पडली, गावानं "व्हय म्हाराजा" म्हणून आरोळी ठोकली, ढोल वाजले, आणि आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, उजेड डोळ्यांवर येतोय. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतं.

सकाळी तरंग पार झालं. सातेरीची ओटी भरली. द्वारकाक्का मला बघून रडली, हसली, परत रडली. तिचा नवरा शिवराम अबोल माणूस, पण त्या दिवशी तोही आपण होऊन म्हणाला, "उद्या हिका घेवन येतंय, आबांका दाखवक." दुपारी चारला निघायचं ठरलं तेव्हा डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. लखू होडीत उभा राहून पाण्याकडे बघत होता.

"दाजीनु, पाणी तांबडां झालां," तो म्हणाला. "वर खयतरी पाऊस पडलोहा. आज हयच ऱ्हवया. फाटफटी उजाडतानाच होडी सोडतंय."

"तरंग दिवेलागणीक देवळात होया."

"ता खरा. पण पाणी बरां नाय."

"लखू, देवान उजवो दिल्यान. तू कोण नको म्हणणारो?"

हे शब्द मी तीन हातांवर उभा राहून ऐकले. मला तेव्हा बोलता आलं असतं. "थांबया" एवढं एकच बोललो असतो तरी गुरवाचा शब्द म्हणून दाजींनी तो मानला असता. पण थांबायचं तर कारण द्यायला हवं, आणि कारण एकच होतं.

पहिल्या फेरीत मी, दाजी आणि ढोलवाले आलो. दुसऱ्या फेरीत तरंग, तरंग धरणारा विठू मेस्त्री, देवाला पोचवायला म्हणून शिवराम, आणि आणखी तिघे. होडी मधोमध आली आणि वरून वाहत आलेला लाकडाचा एक ओंडका आदळून कलंडली. लखूनं त्या तिघांना ओढून काढलं. दोनदा परत पाण्यात गेला. तिसऱ्यांदा जाताना त्याला आम्ही धरून ठेवला, नाहीतर तोही राहिला असता. विठू आणि शिवराम दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाले. मुखवटा मिळालाच नाही. द्वारकाक्का पलीकडच्या काठावर शेवटपर्यंत उभी होती. त्या दिवशी ती ओरडली नाही.

दोन माणसं गेली आणि देवाचा मुखवटा गेला. आता दोष शोधायचा होता. देवानं तर होकार दिलेला, म्हणजे देवाचा दोष नाही. मग कोणाचा? आठ दिवसांत उत्तर सापडलं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी लखूची सून बाळंत झाली होती. मूल जन्मलं की घराला सोयर लागतं, दहा दिवस त्या घरच्या माणसानं देवाच्या वस्तूला शिवायचं नाही. आणि लखूनं देवाचं तरंग आपल्या होडीत घेतलं होतं.

"म्हायत नव्हता माका," पायरीखालून लखू आता परत सांगत होता. "पाटेपासून मी होडयेर. सांजेक घराकडे गेलंय, अंगार कापडा भिजलेली, तेव्हा बायल म्हणाली, नात झाली म्हणान."

"म्हायत नव्हता म्हणान सोयर चुकता काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"मी नको म्हटलंय मां? सगळ्यांच्या देखत म्हटलंय. दाजीनु, तुमी सांगा. म्हटलंय का नाय?"

दाजी गावकर वाईट माणूस नव्हता. विठू मेस्त्रीच्या पोरांना त्यानं आपल्या घरी जेवायला बसवलं होतं. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "म्हटलंस. पण तू नको म्हणतलंस आणि देव व्हय म्हणतलो, तर आमी कोणाचा आयकूचा?"

मग तो माझ्याकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भिकू, ह्यो डावो इलो तर लखू सुटलो. पण मगे म्होरलो प्रश्न घालूचो लागतलो. पलतडचे तेच्यासाठीच बसलेहत."

"खयचो?"

"दसऱ्याचो कौल नीट लागललो काय, ह्यो."

त्यानं ते सहज सांगितलं, पूजेचं सामान काय काय आणायचं तसं. माझ्यावर संशय असता तर तो माझ्याकडे बघून बोलला नसता. 

मी देवासमोर बसलो. दाजींनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दसऱ्याच्या दिसा तुझी काठी पाण्यात गेली. दोन सोन्यासारखे झील गेले. ह्यो दोष लखू ताऱ्याच्या सोयराचो असात, तर उजवो दी. नसात, तर डावो दी. आमका आंधळ्यांका वाट दाखय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लखूनंही म्हटलं. पायरीखालून त्याचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा आला.

मी कळ्या हातात घेतल्या. डावी सुकी टेकवली की झालं. दोन मिनिटांत लखू मोकळा, त्याच्या नातीला नाव, त्याच्या हाती होडी. माझी बोटं हे काम जाणत होती. पण तेरा रात्री मी झोपलो नव्हतो, आणि त्या तेरा रात्रींत मी देवापुढे नाक घासून एकच शपथ घेतली होती, की पुन्हा तुझ्या कळ्यांत हात घालणार नाही. एकदा घातला, दोन माणसं गेली. आता जे काय असेल ते तुझं तू बघ. मी दोन्ही कळ्या एकाच वाटीत बुडवल्या. सात आकडे मोजले. दोन्ही अंगठे सारखे दाबले. आबांनी शिकवलं तसं, अगदी तसंच. हात बाजूला घेतले तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग आम्ही वाट पाहिली.

पहिला अर्धा तास काहीच नाही. समईची वात तडतडली. नंतर डावी कळी हलली. तिची एक पाकळी दगडापासून सुटली आणि ती एका बाजूला लोंबायला लागली. माझ्या मागं कोणीतरी श्वास आत ओढला. मी मनात म्हणत होतो, पड, पड. आणि त्याच मनात त्याच वेळी दाजींचा म्होरला प्रश्न उभा होता, आणि त्या मनाचा दुसरा भाग म्हणत होता, थांब. कुठला आवाज मोठा होता ते मी चाळीस वर्षांनीही सांगू शकत नाही. सांगू शकत नाही म्हणजे बहुधा मला माहीत आहे.

डावी लोंबतच राहिली. उजवी काही न हलता, न सुटता, एकाएकी सरळ खाली आली.

बाहेरून लखूला दिसत नव्हतं. त्यानं विचारलं, "खयचो पडलो?"

मंडपातल्या माना माझ्याकडे वळल्या. पुन्हा त्यानं विचारलं, "भिकू, खयचो पडलो रे?"

तो मला विचारत होता. सगळ्या गावात त्यानं मला विचारलं.

"उजवो," मी म्हटलं.

मला वाटलं तो ओरडेल, शिव्या देईल, देवाला बोल लावेल. तसं झालं असतं तर मी कदाचित उठून उभा राहिलो असतो.  लखू गुडघ्यांवर बसला आणि पायरीच्या दगडावर त्यानं कपाळ टेकलं.

"देव सांगता म्हणजे आसात," तो म्हणाला. "माजेच हात. विठू माजेच हातान गेलो. शिवराम माजेच हातान गेलो. चुकला म्हाराजा."

द्वारकाक्काचा सासरा तोंडात उपरणं कोंबून रडायला लागला. कोपऱ्यात बसवलेल्या आबांच्या घशातून काहीतरी आवाज आला. त्यांना काय म्हणायचं होतं ते कोणालाच समजलं नाही. दोन माणसांनी त्यांना उचलून घरी नेलं.

त्याच दिवशी लखूची होडी गावानं काढून दुसऱ्याला दिली. त्याच्या घरी चुलीला इस्तू द्यायचा नाही, त्याच्या विहिरीचं पाणी भरायचं नाही, असं ठरलं. फार कोणी कडक पाळलंही नसतं, चार महिन्यांत विसरले असते. पण लखूच थांबला नाही. महिन्याभरात त्यानं घराला कडी घातली आणि बायको, मुलगा, सून, टोपलीत ती बिननावाची नात, असा घाटाच्या बाजूनं चालत निघून गेला. नदीवरून गेला असता तर अर्ध्या दिवसाची वाट वाचली असती. पण म्हणाला, "मी आता होडयेत पाय ठेवचंय नाय. माजो हात लागतलो."

त्याचा मुलगा दहा-बारा वर्षांनी एकदा मला तालुक्याच्या स्टँडवर भेटला. वडील घाटावर एका लाकडाच्या वखारीत राखणीला होते आणि तिथंच गेले, म्हणाला. मी विचारलं, शेवटी त्रास झाला का? मुलगा म्हणाला, "तरास झालो नाय. पण शेवटाक माणूस ओळखी नाय. सारखो म्हणी, दोघांक मी मारलंय, त्येंच्या घराकडे सांगा. सांगितलंय काय, म्हणान इचारी." मी त्याला चहा पाजला. दुसरं काही मी त्याला दिलं नाही.

द्वारकाक्काला सासरच्यांनी सोळाव्या दिवशी माहेरी धाडली. तुमच्या देवानं नेला, आता तुमचं तुम्ही बघा, असं. आबांना बघायला ती अशी आली. आबा पुढच्या पावसाळ्यात गेले. दोन वर्षांनी मी हात कापतो असं सांगून कळे लावायचं काम चुलतभावाकडे दिलं. हात कापत नव्हता. आक्का मात्र रोज सकाळी परड्यात जाऊन तगरीच्या कळ्या काढायची आणि त्याला नेऊन द्यायची. एकतीस वर्षं ती माझ्या घरात राहिली. माझी मुलं तिनंच वाढवली. त्या दसऱ्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. नदीवर पूल झाला तेव्हा सगळं गाव बघायला गेलं, आम्ही दोघं घरी बसून तांदूळ निवडले.

तिचं शेवटचं दुखणं आठवड्याचंच होतं. एका सकाळी तिला जरा हुशारी वाटली. मी खिडकी उघडली, तिच्या पाठीला उशी दिली. परसातली तगर तिथून दिसायची.

"भिकू," ती म्हणाली, "दसऱ्याचो उजवो तुझो होतो मां?"

मी पेज ढवळत राहिलो.

"माका तेव्हाच कळलेला. सहा वर्सां डावो, आणि मी पाण्यातसून आरडलंय त्या वर्साच उजवो? गुरवाचा चेडू आसंय मी, कळे माका कळतत." तिला दम लागला. जरा थांबून म्हणाली, "माज्या घोवाचां मरण मीच मागान घेतलंय तुज्याकडसून. तुका कित्याक बोल लावू?"

एकतीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होतो, ते हे होतं. वाडगा खाली ठेवून मी लहान मुलासारखा रडलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं विचारलं,

"आणि लखूचो?"

"तो देवाचो," मी डोळे पुसत म्हटलं. याचं तरी मला समाधान होतं. "त्यात माजो हात नाय, आक्का. दोनय कळे सारखे भिजवलंय, सारखे दाबलंय. देवाशप्पथ सांगतंय, तो खरो कौल."

तिनं माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला. मग ती खिडकीतून तगरीकडे बघायला लागली.

"मेल्या," ती म्हणाली, "तोच तुझो असाक होयो होतो."